तुम्बातल्या तिसऱ्या मजल्याची बातमी

थेस्सालोनिकी, ६ मार्च

श्री. आर्गिरिस त्सोलाकिदिस यांना,

तुमचं पत्र संपादकांच्या नावावर आलं होतं. त्यांनी वाचून माझ्या टेबलावर टाकलं, कारण शहराच्या बातम्या मी बघते. माझं नाव थेक्ला मानाकू. केस काळे होते तेव्हापासून या दैनिकात आहे. फुटलेल्या पाइपलाइनी, बदललेले बसमार्ग, बंद पडलेल्या लिफ्ट, उचलला न गेलेला कचरा, हे माझे विषय. स्टुटगार्टमध्ये बसून तुम्ही माझं काही वाचलं असण्याची शक्यता कमी आहे. असल्या बातम्या शहराबाहेर कुणी वाचत नाही.

तुम्ही आमचे आभार मानलेत. 'माझ्या वडिलांना कुत्र्यासारखं मरू देणाऱ्यांना उघडं पाडल्याबद्दल,' हे तुमचे शब्द. पुढे तुम्ही त्या मजल्यावरच्या माणसांची नावं मागितली आहेत, वकिलाला द्यायला.

नावं मी पाठवत नाही. का, ते सांगते.

ती बातमी मी लिहिलेली नाही. आमच्या वेबसाइटचं खातं वेगळं आहे, खोलीही वेगळी. त्या दिवशी त्यांना कुणीतरी फोन केला की तुम्बा भागात एका इमारतीसमोर पोलिसांची गाडी आणि शववाहिका उभी आहे. छायाचित्रकार गेला. वर जाऊ दिलं नाही म्हणून त्याने तळमजल्यावरच्या टपालपेट्यांचा फोटो काढला. तुमच्या वडिलांची पेटी ठासून भरलेली होती, अर्धी पाकिटं बाहेर लोंबत होती. फोटो चांगला आलाय, मलाही मान्य आहे. तो पाहून कचेरीत कुणीतरी मथळा दिला : 'दाराआड आठवडेच्या आठवडे मृत, शेजाऱ्यांना पत्ताच नाही.' ते आठवडे त्या पेटीतून निघाले. कुणीही कुठल्या दाराची घंटा वाजवली नव्हती.

मी पुढच्या आठवड्यात गेले, कारण संपादकांना दुसरा भाग हवा होता. आधी पोलीस ठाण्यात गेले. तिथला अधिकारी म्हणाला, "बाई, कसले आठवडे? म्हातारा रात्री गेला, सकाळी सापडला. चहाचा कप अजून बशीत होता." शवागाराच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. झोपेत हृदय थांबलं. पेटी भरलेली होती कारण तुमच्या वडिलांनी तिची किल्ली हरवली होती आणि कुलूप तोडायला ते कुणाला हात लावू देत नव्हते.

मी आमच्या संपादकांना हे सांगितलं आहे. पुढे काय झालं ते कळवीन. त्यांना तुमची मुलाखत हवी आहे. 'परदेशातल्या मुलाचा आक्रोश' असं काहीसं त्यांच्या डोक्यात आहे. तुम्हाला विचारायला सांगितलं, म्हणून विचारते. नाही म्हणालात तर 'नाही' असं कळवून टाकीन.

हाताने लिहिते आहे त्याला कारण आहे. कचेरीच्या संगणकावर जे लिहावं ते कचेरीचं होतं.

थेक्ला मानाकू


थेस्सालोनिकी, २१ मार्च

श्री. त्सोलाकिदिस,

तुमचं उत्तर मिळालं. मी माझ्या शहराची बाजू घेते, असं तुमचं म्हणणं. या शहराची बाजू घेण्याची मला सवय नाही. ज्यांच्या खुर्च्या माझ्या बातम्यांनी हलल्या, त्यांना विचारून बघा.

'माझ्या जिन्यावर कोण राहतं, हे मला माहीत आहे. तुमच्या जिन्यावर कोण राहतं?' असंही तुम्ही विचारलंय. पाट्यांवरची नावं मला पाठ आहेत. माणसं नाहीत. मी घरी फक्त झोपायला जाते. ते असो.

'मला कुणी कळवलं का नाही' या ओळीखाली तुम्ही इतक्या जोरात रेघ मारली आहे की कागद फाटलाय. म्हणून मी पुन्हा तुम्बाला गेले.

तिसऱ्या मजल्यावर तुमच्या वडिलांच्या समोरचं दार साखळीवर उघडलं.

"टीव्हीवाली का?"

"नाही, पेपरवाली."

"मग तर आणखीच वाईट," आतून आवाज आला, आणि दार लागायला लागलं.

तेवढ्यात खालून एक माणूस रंगाची बादली घेऊन वर आला. "काकू, उघड," तो म्हणाला. "ही आपल्या गटाराबद्दल लिहून गेली होती. आठवतं? गटार झालं की दुरुस्त."

"गटार झालं. पण माझं नाव चुकीचं छापलं."

तरी साखळी निघाली. या बाईंचं नाव मी तुम्हाला कळवणार नव्हते, पण त्यांनीच बजावलं : "सांग त्याला, दोम्ना. लपून बसायला मी काही चोर नाही." रंगाऱ्याचं नाव बेस्निक. तळमजल्यावर बायको लिरीबरोबर राहतो. अल्बानियातून आला तेव्हा मिसरूड फुटलेलं नव्हतं, आता नातवंडं आहेत. तोही म्हणाला, "माझंही घाल. तसंही त्या बातमीखालच्या प्रतिक्रियांत लोकांनी मला 'परकीय' म्हणून घातलंच आहे."

स्वयंपाकघरात बसलो. दोम्नाने कॉफी ठेवली आणि माझ्याकडे पाठ करूनच सुरुवात केली.

"तो मला आवडत नव्हता. हे आधी लिहून घे पोरी. कुणालाच आवडत नव्हता. इमारतीचं हीटर कधी चालू करायचं यावरून दर हिवाळ्यात भांडायचा. मी जिना धुतला की म्हणायचा, पाणी मुद्दाम ठेवलंय, मला पाडायचा बेत आहे. माझा नवरा गेला तेव्हा सांत्वनाला आला आणि माझ्या खुर्चीची शिवण उसवलीय म्हणून बोलून गेला."

"मग तुम्ही त्यांना जेवण का नेऊन द्यायचात?"

ती वळली. मी काहीतरी बावळट विचारलं असावं अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे? समोर राहायचा ना तो."

मी थांबले, आणखी काही येईल म्हणून. आलं नाही. तिच्या मते उत्तर देऊन झालं होतं.

मग तुकड्यातुकड्यांनी कळलं ते असं. दुपारचं ताट दोम्नाचं. औषधं दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिका आणायच्या. दिवे, नळ, खिडकीची पट्टी हे बेस्निककडे. हे कुणी ठरवलेलं नव्हतं. तुमचे वडील प्रत्येकावर खेकसायचे आणि प्रत्येकाने आणलेलं घ्यायचे. "लिरीने शिजवलेलं मात्र नाही घ्यायचे," बेस्निक म्हणाला. "म्हणायचे, मीठ कमी असतं. मग आम्ही तेच दोम्नाच्या ताटलीत घालून पाठवायचो. तेव्हा मीठ बरोबर असायचं."

रोज सकाळी त्यांचा रेडिओ इतक्या मोठ्याने लागायचा की दोम्ना त्यावर चिडून भिंतीवर हात आपटायची. त्या सकाळी रेडिओ लागला नाही. तिची कॉफी उकळून होईपर्यंत लागला नाही. तिने बेस्निकला हाक मारली. तो तिच्या गच्चीतून तुमच्या वडिलांच्या गच्चीत उतरला. दारं समोरासमोर असली तरी मागे दोन्ही घरं भिंतीला भिंत लागून आहेत. गच्च्यांमधे हातभर अंतर आहे आणि खाली तीन मजले. 'शेजाऱ्यांना पत्ताच नाही' हे याच सकाळबद्दल छापलं गेलं.

तुम्ही दोम्नाला पाहिलं आहे. अंत्यविधीला काळ्या कोटातली ठेंगणी बाई तुमच्याकडे आली होती, हातात मेलेल्याच्या नावाने वाटतात त्या उकडलेल्या गव्हाची पुडी घेऊन. तुम्ही मान फिरवून टॅक्सीकडे गेलात, तुमचं विमान होतं. तिला त्याचा राग आलेला नाही. म्हणाली, "हुबेहूब बाप. मानसुद्धा तशीच फिरवली."

तुमचा प्रश्न मी विचारला. मुलाला कुणी कळवलं का नाही? दोम्ना उठली आणि धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली. माझ्या धंद्यात अशा वेळी गप्प बसून राहायचं असतं, माणूस आपोआप बोलतं. त्या दिवशी मी बसले नाही. कप खाली ठेवला आणि निघाले.

थेक्ला मानाकू


थेस्सालोनिकी, १८ एप्रिल, मोठा शुक्रवार (गुड फ्रायडे)

श्री. त्सोलाकिदिस,

तुमच्याकडून काही आलं नाही. तरी लिहिते, कारण पुढचं कळवीन असं म्हटलं होतं.

दुरुस्ती छापून आली. चौथ्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, औषधांच्या दुकानांच्या वेळांच्या वर. 'अमुक तारखेच्या वृत्तात काळाचा उल्लेख अचूक नव्हता.' कुठल्या वृत्तात, कुणाच्या बाबतीत, काही नाही. मूळ बातमी वेबसाइटवर जशीच्या तशी आहे.

मी मेनेलाओसकडे गेले. मेनेलाओस आमचा संपादक. वाईट माणूस नाही. त्याच्यावर मालकांचं दडपण असतं आणि मालकांवर बँकेचं. टेबलावर तीळ लावलेला कड्यासारखा पाव अर्धवट खाल्लेला, तो पडद्यावर आकडे बघत होता.

"ती बातमी काढून टाक," मी म्हटलं.

"या वर्षात सगळ्यात जास्त वाचलेली आहे ती, थेक्ला."

"खोटी आहे."

"काळाचा उल्लेख अचूक नव्हता. छापलं ना तसं?"

"मग खरी छापू. मी लिहिते. एका म्हाताऱ्याला कुणी सहन करू शकत नव्हतं आणि तरी सगळी इमारत त्याला सांभाळत होती."

त्याने डोळे चोळले. "म्हणजे काय झालं त्यात?"

"काहीच नाही."

"तेच म्हणतो मी. काहीच झालं नाही, ही बातमी कशी होईल? शहर माणसाला गिळतं, हे लोकांना माहीतच असतं. ते वाचून त्यांना बरं वाटतं, की चला, आपल्याला वाटत होतं तसंच आहे. शेजारीण ताट द्यायची हे वाचून काय वाटणार? आपण देत नाही, एवढंच."

मेनेलाओस मूर्ख असता तर काम सोपं झालं असतं.

मला यात नवं काही सापडलेलं नाही. पाइप फुटतो तेव्हा मी लिहिते. तो वर्षानुवर्षं फुटत नाही, तेव्हा कुणी मला तिथे पाठवत नाही. रोज संध्याकाळी लाखो माणसं घरी पोचतात, जिन्यावर एकमेकांना वाट देतात, कुणाच्या तरी दाराशी थांबून कानोसा घेतात. त्यातलं काही आमच्याकडे येत नाही. मग वाचणाऱ्याला वाटतं, शहर म्हणजे नुसते फुटलेले पाइप. इतकी वर्षं हे लिहून मलाही तसंच वाटायला लागलं होतं, हे खरं आहे.

दरम्यान तुम्बात काय चाललंय तेही सांगते. एका वाहिनीची गाडी आली होती. सकाळच्या कार्यक्रमात एक मानसशास्त्रज्ञ बाई आणि एक गायक बसून 'आधुनिक माणसाची संवेदना' यावर बोलले, मागे त्याच टपालपेटीचा फोटो. इमारतीच्या दाराची घंटांवरच्या नावांची पाटी स्पष्ट दिसत होती. तेव्हापासून दोम्नाच्या घरी फोन येतात. एकाने तिला खुनी म्हटलं. एका बाईने रडत रडत शाप दिले. ती बाई स्वतःच्या आईबद्दल रडत असावी, असं दोम्नाचं मत. दाराशेजारच्या भिंतीवर कुणीतरी लाल रंगाने 'लाज' असं लिहिलं. बेस्निकने त्यावर पांढरा हात मारला, पण लाल खालून दिसतोच.

लिरी ज्या घरी साफसफाईला जायची, तिथल्या बाईंनी तिला सांगितलं, आता येऊ नको. कारण विचारलं तर म्हणाल्या, "माझी आई म्हातारी आहे. तुमच्याकडे म्हाताऱ्यांचं काय होतं ते वाचलं मी."

आज संध्याकाळी ख्रिस्ताची फुलांनी मढवलेली शवपेटी त्यांच्या गल्लीतून जाईल. दोम्ना दरवर्षी मेणबत्ती घेऊन मागून चालते. यंदा गच्चीतून बघणार म्हणाली. चर्चमध्ये दोघीतिघी तिच्याजवळून उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसल्या होत्या.

मला तुमच्याकडून एक हवं आहे. मी लिहिलेलं कुणी वाचणार नाही. दोम्ना बोलली तर खोटं बोलते म्हणतील. तुम्ही मेलेल्या माणसाचा मुलगा आहात, तुमचं लोक ऐकतील. दोन वाक्यं पुरेत.

थेक्ला मानाकू


थेस्सालोनिकी, ९ मे

श्री. त्सोलाकिदिस,

मी दोन वाक्यं मागितली होती. तुमच्या वकिलाची नोटीस आली. दोम्नाला एक, बेस्निकला एक. संकटात असलेल्या माणसाला मदत न केल्याबद्दल. नावं तुम्हाला माझ्याच पत्रातून मिळाली, म्हणजे नोटीस मीच नेऊन दिल्यासारखी झाली. त्यांनी सांगितली म्हणून मी लिहिली, पण टपालात टाकण्याआधी एक दिवस विचार करायला हवा होता.

हे प्रकरण न्यायालयात टिकणार नाही, असं आमच्या कचेरीत कायद्याचं बघणारा म्हणतो. पण त्याला वेळ लागेल, आणि दोम्नाचं वय झालं आहे. म्हणून मी साक्षीदार म्हणून माझं नाव दिलंय. ते आठवडे कुठून आले, फोटो कसा काढला, कुणी कुणाला विचारलं नाही, हे मी शपथेवर सांगणार आहे. म्हणजे माझ्याच दैनिकाविरुद्ध. मेनेलाओसला सांगून आले. तो म्हणाला, "रजा शिल्लक असेल तर आत्ताच घेऊन टाक." ही धमकी होती की सल्ला, ते मला अजून कळलेलं नाही.

हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं असं वाटलं. आता दुसरं.

नोटीस आल्याचं कळल्यावर मी तिसऱ्या मजल्यावर गेले. दार उघडंच होतं. दोम्ना टेबलाशी बसली होती, कागद समोर, चष्मा कागदावर.

"तू विचारलं होतंस ना," ती म्हणाली, "मुलाला का नाही कळवलं."

"हो."

"कळवलं होतं."

मी बसले. बेस्निक दारात उभा होता, तोही थबकला. त्यालाही हे नवीन होतं.

दोन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत तुमचे वडील न्हाणीघरात पडले होते. इस्पितळात नेताना त्यांनी कोट दोम्नाकडे दिला. खिशात तुमचा नंबर होता, तुमच्या आईच्या अक्षरात. तुमची आई आजारी असताना त्यांनी तुम्हाला कळवलं नाही, तुम्ही नव्या नोकरीवर होतात म्हणून, आणि तुम्ही आलात ते थेट दफनाला. तुमचं बोलणं तेव्हा तुटलं, हे सगळ्या जिन्याला माहीत आहे. भिंती पातळ आहेत. तर दोम्नाला वाटलं, हे दुसऱ्यांदा होऊ नये.

"एका रविवारी लावला फोन," ती म्हणाली. "आयुष्यात पहिल्यांदा परदेशात लावला. पलीकडून पुरुषाचा आवाज आला, जर्मनमध्ये. मागे लहान मूल हसत होतं. मी सगळं पाठ करून ठेवलं होतं, काय बोलायचं ते. आणि तो परक्या भाषेत इतका आनंदात बोलत होता की मला वाटलं, आता अशा दुपारी याच्यावर मी हे काय टाकू? म्हटलं, माफ करा, चुकून लागला. आणि ठेवला."

"परत का नाही लावलात?"

"यॉर्दानिस इस्पितळातून घरी आला. नंबर कोटात परत ठेवला होता, पण त्याला कळलं. म्हणाला, पुन्हा केलास तर तुझं ताट जिन्यावरून खाली फेकीन. मग मला वाटलं, तिकडच्याने नंबर बघितला असेल. इथला नंबर आहे हे कळलं असेल. हवं असेल तर करेल." तिने चष्मा उचलून पुसला. "नाही केला."

बेस्निक म्हणाला, "काकू, हे वकिलाला सांगायला हवं."

"हे वकिलाला सांगायचं नाही," दोम्ना म्हणाली. "हे त्याला सांगायचं. मग त्याला पाहिजे ते करू दे."

म्हणून सांगितलं. मी यावर माझं काही लिहीत नाही.

थेक्ला मानाकू


थेस्सालोनिकी, ३० जून

प्रिय आर्गिरिस,

तुम्ही तसं लिहिलंत, म्हणून मीही नावाने लिहिते.

तक्रार मागे घेतल्याचं वकिलाचं पत्र दोघांना मिळालं. बेस्निकने मला फोन करून ते वाचून दाखवलं. मग म्हणाला, "यातलं निम्मं मला कळलं नाही, पण शेवट चांगला आहे."

तुमचं लांब पत्र मी दोनदा वाचलं. फोन आठवतो, असं तुम्ही लिहिलंत. मुलीचा वाढदिवस होता, केक कापायचा होता. म्हातारीचा आवाज, आपल्याकडची बोली, पडद्यावर इथला नंबर. दिवसभर तो नंबर तुम्ही पुसला नाहीत आणि लावलाही नाहीत. 'वडील गेल्याचं कळवायला फोन असता तर ती चुकून लागला म्हणाली नसती, असा मी हिशेब केला आणि केक कापला.' हे वाक्य मी कुणाला दाखवलेलं नाही.

मेनेलाओसला मात्र कळलं की तुमचं पत्र आलंय. तो माझ्या टेबलापाशी आला, क्वचित येतो.

"काय लिहिलंय त्याने?"

"बातमी चुकीची होती असं."

"आणि? एवढ्या जाड पाकिटात एवढंच?"

"एवढंच."

"थेक्ला, मुलाची कबुली असेल तर पहिलं पान देतो. पूर्ण पान. म्हातारीचा फोटो घेऊ, तिचं नाव साफ होईल. तुला हेच हवं होतं ना?"

खरंच मला हेच हवं होतं. म्हणून मी तुम्बाला जाऊन दोम्नाला विचारलं. तिचं नाव, तिचा चेहरा, निर्णय तिचा. फोनची गोष्टही येईल, हे सांगितलं. ती गच्चीत टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होती.

"पहिलं पान म्हणजे सगळे वाचणार?"

"सगळे."

"आणि त्याच्या मुलीलाही पुढे कधीतरी वाचता येईल?"

"येईल."

तिने सुतळी दातात धरली, गाठ मारली. "मग दोन वाक्यंच छापा," ती म्हणाली. "जिन्यातलं जिन्यात राहू दे."

तुम्ही परवानगी दिलेली तीच दोन वाक्यं मी दिली. 'माझ्या वडिलांची त्यांच्या शेजाऱ्यांनी शेवटपर्यंत काळजी घेतली. याविरुद्ध छापलेली बातमी खोटी होती.' खाली तुमचं नाव. मेनेलाओसने 'खोटी' ऐवजी 'चुकीची' करायला सांगितलं. मी म्हटलं, मजकूर मुलाचा आहे, बदलायचा असेल तर त्याच्या वकिलाला विचार. तो गेला. तिसऱ्या पानावर आलं, चौकटीत. वेबसाइटवरची मूळ बातमी त्याच दिवशी काढली. तिच्या नकला इतरत्र आहेत, त्या राहतील. तिथे माझा हात पोचत नाही.

किती लोकांनी वाचलं, मी विचारलं नाही. चर्चमध्ये बाक बदललेल्या बायकांपैकी एक दोम्नाकडे चेरीचा मुरांबा घेऊन आली. दोम्नाने तो घेतला आणि तिला आत बोलावलं नाही. लिरीला जुन्या घरून बोलावणं आलं होतं, ती गेली नाही. आता त्या शिक्षिकांच्या बहिणीकडे जाते.

साक्ष द्यावी लागली नाही, म्हणून माझी नोकरी आहे. शहराच्या बातम्यांवरून काढून मला मृत्यूच्या आणि प्रार्थनांच्या सूचनांचं पान दिलंय. माझ्या टेबलावरच्या फोनवर अजूनही लोक गटारांबद्दल सांगतात. मी लिहून घेते आणि पुढे देते.

थेक्ला


थेस्सालोनिकी, ३ फेब्रुवारी

प्रिय आर्गिरिस,

येत्या रविवारी यॉर्दानिस यांच्या वर्षाची प्रार्थना आहे. तुम्हाला तारीख माहीत असेलच. पण तुम्ही वडिलांचं घर अजून बंद ठेवलंय आणि उन्हाळ्यापासून तुमचं काही आलेलं नाही, तेव्हा इथे काय झालं ते कळवते.

दोम्ना, बेस्निक आणि त्या शिक्षिका, एरासमिया, असे तिघे मागच्या आठवड्यात कचेरीत आले. सूचना द्यायची होती, पेपरात आणि खांबांवर लावायला. तिघांनी चांगले कपडे घातले होते. दोम्ना आमच्या कचेरीकडे अशी बघत होती की जणू ते सगळं खोटं इथेच कुठेतरी अजून लपलेलं आहे. मेनेलाओस समोरून गेला, त्याने मान झुकवली. तिने नाही.

मी नेहमीचा मजकूर काढला. 'आमचे परमप्रिय पती, पिता...' असा छापील असतो, नावं भरायची.

"प्रिय काढ," दोम्ना म्हणाली.

"काकू, सगळ्यांच्या सूचनेत असतं," मी म्हटलं.

"सगळ्यांचे असतील. हा नव्हता. या पेपरात त्याच्याबद्दल एकदा खोटं छापून झालंय."

शिक्षिका म्हणाल्या, "दोम्ना, मेलेल्या माणसाबद्दल असं..."

"मग 'आदरणीय' घाला," बेस्निकने सुचवलं.

"तू आदर करायचास?"

बेस्निकने विचार केला. "सोफ्यांचे कोच चांगले शिवायचा," तो म्हणाला.

त्यावर तिघांचं एकमत झालं. बराच वेळ खोडाखोड करून जे ठरलं ते असं :

*यॉर्दानिस त्सोलाकिदिस, कोच शिवणारे, यांच्या वर्षाची प्रार्थना पुढच्या रविवारी सकाळी, आमच्या तुम्बाच्या चर्चमध्ये. ज्यांना यायचं त्यांनी यावं. मुलगा आर्गिरिस. शेजारी दोम्ना, बेस्निक, लिरी, एरासमिया आणि इमारतीतले सगळे.*

आमच्या पानावर शेजाऱ्यांची नावं कधी येत नाहीत. पत्नी, मुलं, भावंडं, फार तर पुतणे. खाली छपाईत एकाने विचारलं, हे चुकून आलंय का? मी म्हटलं, नाही, असंच सोड. शनिवारी छापून आलं. खांबांवरचे कागद बेस्निकने स्वतः लावले. चर्चच्या दारावर एक, बेकरीशेजारी एक, आणि एक इमारतीच्या दारालगत, जिथे भिंतीतून अजून थोडा लाल दिसतो तिथे. वारदारिसच्या वाऱ्याने त्यातला एक रात्रीत उडवून नेला, त्याने दुसरा लावला.

नावांमध्ये तुमचं सगळ्यात आधी आहे, हे तुम्ही वर वाचलंच असेल. मी दोम्नाला म्हटलं होतं, त्यांना विचारल्याशिवाय कसं घालायचं? ती कोटाची बटणं लावत होती. म्हणाली, "मुलाचं नाव वर येतं, तशी रीत आहे. पटत नसेल तर रविवारी यावं आणि माझ्याशी भांडावं. तिसऱ्या मजल्यावर भांडायला आता कुणी राहिलं नाही."

थेक्ला